अडुसष्ट मिलिमीटर

शेवगाव, १२ एप्रिल २०२६

ताई,

मेल बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला घेतलं की आई मधे घुसते, बाबा मागून "काय म्हणतेय ती?" करत राहतात आणि मला विचारायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय फोनवर तू लगेच चिडतेस. लिहिताना जरा उशिरा चिडतेस.

मला व्हीआर हेडसेट घ्यायचाय. डोळ्यांवर चढवतात तो. कॉम्प्युटरला जोडून गेम खेळायला, मुख्यतः गाड्यांच्या शर्यती आणि विमान उडवायचे. पहिलाच आहे, त्यामुळे चुकायला नको. नेटवर बघत बसलो तर डोकं फिरलं. एकजण म्हणतो वायरचाच घे, दुसरा म्हणतो वायर पायात अडकून तोंडावर पडशील. एकाला म्हणे खोलीच्या भिंतींवर डबे ठोकावे लागतात. कशासाठी, कुणास ठाऊक.

स्टँडसमोरच्या बजरंगला विचारलं, कॉम्प्युटरवाल्याला. तो म्हणाला, "मला काय इचारतो? म्या आजून डोळ्याला लावला न्हाई. तुजी बहीन इंजिनेर हाय ना? तिला इचार. आन् आनला की आदी मला दाखव."

तर इंजिनेर, सांग. कुठला घेऊ?

धवल

ता.क. घरी कुणाला बोलू नकोस. जिजूंनाही नको. उगाच हसतील.

*

सावेडी, अहिल्यानगर
१४ एप्रिल २०२६

धवल,

तुझा मेल मिळाला. याआधी तू मला एकच मेल केला होतास, बायोडेटा तपासून घ्यायला. तेव्हाही "चुकायला नको" हेच शब्द होते.

कुठला घेऊ, हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, कशाला जोडणार? आपल्या घरी जो कॉम्प्युटर आहे त्यावर बाबा हयातीचा दाखला काढतात आणि तेवढ्यातही तो गरम होतो. त्याला हेडसेट जोडणं म्हणजे लुनाला उसाची ट्रॉली जोडणं. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं लागतात, सेकंदाला नव्वद वेळा. डोकं वळवल्यावर चित्र किंचित जरी मागे राहिलं तरी पोटात ढवळतं. उलटी होते. ही अतिशयोक्ती नाही. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे ते आधी कळव. तू नोकरी करतोस त्या कॉलेजच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वापरायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून दे.

वायरचा की बिनवायरचा, हे खोलीवर ठरतं. बसून गाडी चालवायची असेल तर वायरचा बरा, चित्र दाबून पाठवावं लागत नाही. बिनवायरच्याला चांगला राउटर त्याच खोलीत हवा. भिंतीवरचे डबे डोकं आणि हात नेमके कुठे आहेत ते हेडसेटला कळावं म्हणून असतात. बहुतेक नव्या हेडसेटना ते लागत नाहीत, त्यांच्या अंगावरच कॅमेरे असतात. तेव्हा खोली किती लांब-रुंद, ऊन कुठून येतं, फरशी कशी, तेही लिही. भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो, कायमचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळ्यांचं माप. दोन बाहुल्यांमधलं अंतर. आरशासमोर हातभर लांब उभा राहा. मिलिमीटरची पट्टी भुवयांना टेकव. उजवा डोळा मिटून शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आण. पट्टी न हलवता डावा मिट आणि उजव्या बाहुलीसमोर किती येतं ते वाच. भिंगं त्या अंतरावर बसली नाहीत तर कितीही भारी हेडसेट घेतला तरी चित्र धूसर दिसतं. बहुतेक हेडसेट अठ्ठावन्नच्या पुढच्या डोळ्यांसाठी बनवलेले असतात. त्याच्या खाली माप असलेल्यांनी काय करायचं, हे बनवणाऱ्यांना सुचत नाही. मला हे माहीत आहे, कारण माझं सत्तावन्न आहे आणि मी तीन वर्षं शोधते आहे.

अंगदला सांगणार नाही. तो हसेल असं मात्र मला वाटत नाही.

सुमेधा

*

शेवगाव, २३ एप्रिल

ताई,

बापरे. हेडसेट घ्यायचा की बीएस्सीला परत बसायचं?

असो. खोली दहा बाय चौदा. वरच्या मजल्यावर. खिडकी पश्चिमेला, पण जाड पडदा आहे. फरशी गुळगुळीत. एसी आहे, त्यामुळे हेडसेट घालून घाम यायची भानगड नाही. बसूनच खेळायचं, खुर्ची चांगली आहे.

डोळ्यांचं माप अडुसष्ट. दोनदा मोजलं.

ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे असं कळलंय. नाव विचारून सांगतो.

आईने कैरीचं लोणचं घातलंय. तुझी बरणी वेगळी काढून ठेवलीय. त्यात मेथी नाही.

धवल

*

सावेडी, २४ एप्रिल

धवल,

तुझं माप बासष्ट आहे. तू बारावीत असताना तुझा चष्मा मी करून आणला होता, त्या कार्डावर आहे. ते कार्ड अजून माझ्या फाइलमध्ये आहे. माणसाचे डोळे चोविसाव्या वर्षी सहा मिलिमीटर लांब जात नाहीत.

आपल्या घरात दहा बाय चौदाची खोली नाही. वरचा मजला नाही. एसी तर नाहीच. बाबा टेबलफॅनसुद्धा दोनवर ठेवतात. आणि स्वतःचं ग्राफिक्स कार्ड कुठलं हे माणसाला "कळत" नाही, त्याला ते माहीत असतं.

म्हणजे हा हेडसेट तुझ्यासाठी नाही. मला वाटतं हे बजरंगचं काम आहे. दुकानाच्या वर खोली काढून तासावर पोरांना खेळायला द्यायचं, तू पैसे घालायचे, बाबांच्या पेन्शनीतून, आणि बहिणीकडून फुकट सल्ला घ्यायचा. तसं असेल तर तसं लिही. धंद्याला माझी हरकत नाही. खोटं माप पाठवून माझा वेळ घेतलास, याला आहे. मी काल रात्री तीन तास बसून अडुसष्टला बसणारे हेडसेट तपासले.

कॉम्प्युटर ज्याचा असेल त्याच्याकडून मागच्या बाजूचा फोटो माग. कुठली भोकं आहेत ते मला बघायचंय. त्यानंतर नाव सांगते आणि हा विषय संपवते.

सुमेधा

*

शेवगाव, ३ मे

ताई,

तू पोलिसात का गेली नाहीस?

बरं, माझ्यासाठी नाही. एका मित्रासाठी आहे. पण बजरंग नाही, आईशप्पथ. बजरंगच्या दुकानावर वरची खोलीच नाही, पत्रे आहेत. याहून जास्त विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

मागचा फोटो जोडलाय. मला जे दिसलं ते लिहितो, कारण फोटो जरा अंधारात काढलाय. ग्राफिक्स कार्डाला लांबट भोकं तीन आणि टीव्हीच्या वायरीचं एक. निळी यूएसबी चार. बाजूच्या पत्र्याचा खालचा स्क्रू गायब आहे आणि तिथे केसांची काळी पिन वाकवून अडकवलीय. एवढा महागाचा कॉम्प्युटर आणि केसांची पिन! कोण असले उद्योग करतं?

धवल

*

सावेडी, ३ मे

मी करते.

तो कॉम्प्युटर माझा आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत असताना मी एकेक भाग घेऊन तो जोडला. ती पिन माझी आहे. तो स्क्रू टेम्पोत सामान चढवताना पडला, लग्नानंतरच्या आठवड्यात. दहा बाय चौदाच्या ज्या खोलीत मी आत्ता बसले आहे, त्याच खोलीत तो आहे. पडदा जाड आहे हे खरं आहे. मीच शिवून आणला.

अडुसष्ट अंगदचं आहे.

आता सगळं लिही. शब्द कुणाला दिलास, कशासाठी दिलास. या वेळी काही मोजायला सांगत नाही.

सुमेधा

*

शेवगाव, ५ मे

ताई,

हात जोडतो, आधी पूर्ण वाच.

हे धोंड्याचं आहे. सतरा तारखेला अधिक महिना लागतोय. लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, आणि वाणाबरोबर काहीतरी. बाबांचं चांदीचं ताम्हण आणि निरांजन ठरलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते आम्हाला माहीत होतं.

पाडव्याला तुम्ही दोघं आलात ना, तू आत आईबरोबर होतीस. बाहेर बाबांनी जिजूंना विचारलं, "ताम्हण चालेल ना?" जिजू म्हणाले, "बाबा, चांदी कपाटात पडून राहते. मला असल्या रूढी पटत नाहीत. द्यायचंच असेल तर वापरात येईल असं काहीतरी द्या." बाबांना ते फार आवडलं. म्हणाले, बघ, किती नव्या विचारांचा आहे. मग गेटपर्यंत सोडायला गेलो तेव्हा जिजू मला म्हणाले, "माझा पीसी तगडा आहे, हेडसेट असला तर मजा येईल. पण कुठला, ते सुमेधाला विचार. तिला त्यातलं बरोबर कळतं. फक्त माझं नाव काढू नकोस. सरप्राईज राहू दे."

"माझा पीसी" म्हणाले, ताई. मला वाटलं, तुझा वेगळा असेल. दोघंही इंजिनिअर, दोघांचे दोन असतील. तुझा मी कधी मागून बघितला होता?

आता एवढंच कर. गप्प राहा. बाबांनी काका-काकूंना बोलावलंय, घोडेगावच्या आत्याला सांगितलंय. सगळ्यांसमोर तमाशा नको. हेडसेट तुमच्याच घरात येणार आहे, तूही वापरशील.

धवल

*

सावेडी, ९ मे

बाबा,

हे पत्र धवलच्या मेलवर पाठवते आहे. त्याने ते छापून तुम्हाला द्यावं. वाचून दाखवू नये, तो मधली वाक्यं गाळेल.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपण या घरी बोलणी करायला आलो होतो. खालच्या हॉलमध्ये, तुम्ही माझ्या उजवीकडे बसला होतात. मी एकच अट सांगितली. लग्नात किंवा लग्नानंतर, कुठल्याही निमित्ताने, एका घरातून दुसऱ्या घरात काहीही जाणार नाही. अंगदचे वडील म्हणाले, "पोरगी स्पष्ट बोलते, आवडलं आपल्याला." तुम्ही मान हलवलीत. अंगद म्हणाला, "मला तर हे सांगायलाही लाज वाटली असती, इतकं ते उघड आहे." या वाक्यावर मी होकार दिला. दुसरं काही बघितलं नाही.

काल मी अंगदशी बोललो. जसं झालं तसं लिहिते.

मी विचारलं, "हा कॉम्प्युटर कुणाचा?"

म्हणाला, "आपला."

"धवलला काय सांगितलंस?"

"अगं, बोलण्याच्या ओघात माणूस माझा म्हणतो. त्यात काय एवढं?"

"हेडसेट मागितलास?"

"मागितला नाही. ते चांदी देत होते, मी नको म्हटलं. वाचवलंच त्यांना."

"आणि निवड माझ्याकडून करून घ्यायची?"

यावर तो हसला. "मग काय दुकानदाराला विचारू? घरात एक्स्पर्ट असताना?"

मी म्हणाले, मी तीन वर्षं हेडसेट बघते आहे हे तुला माहीत आहे. म्हणाला, "हो ना, पण तुझ्या डोळ्यांना कुठलाच बसत नाही असं तूच म्हणतेस. मग निदान मी तरी वापरतो. खोलीत पडून तर राहणार नाही."

एवढ्यात त्याच्या आई जिन्यात आल्या. म्हणाल्या, "आम्ही तोंड उघडून काही मागितलं का गं? लेकीचे आईबाप हौसेने देतात. तुझ्या बापाची हौस तू का मोडतेस?"

बाबा, मी कारखान्यात कॅमेरे तपासते. भिंग केसाएवढं सरकलं असेल तर ती पेटी मी परत पाठवते, आणि कुणी मला हौस वगैरे सांगत नाही. अट म्हणजे अट असते. ताम्हण असो की हेडसेट, वस्तू बदलल्याने देणं बदलत नाही. उलट ताम्हण निदान उघड होतं. यात माझाच कॉम्प्युटर, माझंच ज्ञान, माझ्याच वडिलांचे पैसे आणि डोळे मात्र त्याचे.

हेडसेट घेऊ नका. ताम्हणही नको. हे मला तुमच्याकडून लेखी हवं आहे.

सुमेधा

*

(धवलने फोटो काढून पाठवलेलं, बाबांच्या हातचं.)

शेवगाव, १३ मे

चि. सुमेधा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकच चूक सापडली, "बोललो" लिहिलं आहेस. रागात लिहिलेलं दिसतं. पूर्वी तू रागातही चूक करत नव्हतीस.

लेखी मागितलंस म्हणून लिहितो. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, कुणाकडे हात पसरला नाही आणि कुणासमोर रिकाम्या हाताने उभा राहिलो नाही. जावयाला दारात बोलवायचं आणि अनारशांची ताटली हातात देऊन वाटेला लावायचं, हे माझ्याने होणार नाही. तू म्हणशील ही रूढी आहे. असेल. पण मुलगी दुसऱ्याच्या घरात राहते तेव्हा तिच्या बापाची झोप कशी असते हे तुझ्या अटींना माहीत नाही. थोडं दिलं की तिकडचे आवाज मऊ राहतात. मी हे माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं आहे. तिच्या वेळी दिलं नव्हतं. घोडेगावला जाऊन तिला विचार.

तू अटीचं इतकं लावून धरतेस म्हणून सांगतो, नाहीतर कधी बोललो नसतो. तुझ्या खोलीतला एसी मी दिलेला आहे. लग्नाआधी दोन आठवडे इथून टेम्पोने पाठवला. ताडपत्री घालून, धवलने दोरी आवळली. तुझ्या सासऱ्यांनी फोनवर सहज म्हटलं होतं, वरची खोली फार तापते, तुमच्या मुलीला त्रास होईल. मी समजलो. तुला कळू दिलं नाही, कारण तुझा स्वभाव. आज पाच महिने तू त्याच गारव्यात झोपतेस. काही बिघडलं का? कुणी तुला एक शब्द वाकडा बोललं का? नाही ना? मग हेही तसंच होऊन जाऊ दे.

हेडसेटचं नाव कळव. उगाच चुकीचा यायचा.

बाबा

*

सावेडी, १६ मे

बाबा आणि धवल, दोघांसाठी.

तुमचं पत्र परवा संध्याकाळी मिळालं. मी ते वाचलं तेव्हा एसी चालू होता.

"बोललो" ही चूक मान्य. दुरुस्त करून वाचा.

काल सुटी टाकली. एसी बसवणाऱ्या माणसाला बोलावून आतलं यंत्र आणि गच्चीवरचा पंखा, दोन्ही उतरवून घेतलं. गॅस आधी गच्चीवरच्या यंत्रात ओढून बंद केला आहे, परत बसवताना अडचण येणार नाही. नळ्या गुंडाळून वेगळ्या बांधल्या आहेत, रिमोट त्यातच आहे. स्क्रू एका पिशवीत आहेत. एकही हरवलेला नाही.

काम चालू असताना अंगद दोनदा वर आला. पहिल्यांदा म्हणाला, "बिघडलाय का?" दुसऱ्यांदा, "मेमध्ये? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी विचारलं, हा कुठून आला हे तुला माहीत होतं का. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे." हे खोटं होतं. तो माझ्याकडे न बघता खोटं बोलतो, हे मला काल पहिल्यांदा कळलं, कारण काल मी बघत होते.

सासरे म्हणाले, "आजूबाजूला काय सांगायचं?" मी म्हटलं, खोली तापते असं सांगा.

बाबा, तुम्ही विचारलंत काही बिघडलं का. पाच महिने मला वाटत होतं की या घरात मला कुणी वाकडं बोलत नाही कारण मी बरी आहे. ते तुम्ही भाडं भरत होतात म्हणून. माझी अट मोडली याहून हे वाईट आहे. आत्याच्या वेळी दिलं नाही म्हणून तिला त्रास झाला, असं तुम्ही लिहिता. त्रास देणाऱ्यांनी दिला. तुम्ही अजूनही त्याचा दोष न दिलेल्या वस्तूंवर ठेवता.

एसी उद्या सकाळी बन्सीच्या टेम्पोने निघेल. ताडपत्री घालू नकोस असं त्याला सांगितलं आहे.

हेडसेटचं नाव कळवणार नाही.

सुमेधा

*

शेवगाव, १८ मे

ताई,

काल जे झालं ते लिहितो. काही गाळत नाही.

टेम्पो अकराच्या सुमारास आला. दोन्ही यंत्रं उघडी, पांढरीशुभ्र, सगळ्या आळीला दिसतील अशी. बाबा बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "परत न्या. दिलेली वस्तू आम्ही घेत नाही."

बन्सी म्हणाला, "काका, मला हितवरचं भाडं मिळालंय. माघारी न्यायचं तर त्या ताईला फोन लावून तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार. लई कडक हायेत त्या. दोरी मी बांधली तर सोडून परत बांधाया लावली."

समोरचे जोशी गॅलरीत आले. दुकानातनं उठून बजरंगही आला, म्हणतो, "सर, इकायचा हाय का?" बाबांचा चेहरा असा झाला की मी आत जायला निघालो.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने अनारशांचे तांदूळ भिजवायला काढले होते, हात ओले. टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाली, "उतरवा."

बाबा म्हणाले, "अगं, लोक बघतायत."

आई म्हणाली, "बघू देत. जाताना झाकून पाठवला. येताना तरी उघडा येऊ दे."

ताई, आई बाबांना लोकांसमोर असं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. बन्सीने आणि मी उतरवला. बाबा आत जाऊन पेपर वाचत बसले, पेपर शनिवारचा होता. जेवताना आई म्हणाली, एसी स्वयंपाकघरात लावा, मी तळणीपुढे उभी राहते. बाबा म्हणाले, "स्वयंपाकघरात कुणी एसी लावतं का?" आई म्हणाली, "मग परत पाठवा. पत्ता तुम्हाला पाठ आहे." एसी सध्या ओसरीवर आहे.

ताम्हणाचा विषय निघालेला नाही. काका-काकूंना काय सांगायचं ते बाबांनी ठरवलेलं नाही. आईने निरोप दिलाय की अनारसे करणार, जो येईल त्याला मिळतील, कुणी जावई म्हणून येवो नाहीतर लेक म्हणून.

मी तुझ्याशी खोटं बोललो. त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही. ओरडायचं असेल तर ओरड, या वेळी फोनवर चालेल.

आणि अगदी खरं सांगायचं तर, वाचून वाचून मला खरंच हेडसेट घ्यावासा वाटायला लागलाय. माझ्यासाठी. बासष्ट.

धवल

*

सावेडी, २२ मे

धवल,

आधी कॉम्प्युटर घे. स्वतःच्या पगारातून. मग विचार.

तू खोटं बोललास हे मी विसरणार नाही, पण शेवटचा मेल गाळून लिहिलेला नाही, हेही लक्षात ठेवीन. आईला सांग, तीस तारखेला येते. मी येते. अंगदचं त्याने ठरवायचं आहे. यायचं असेल तर त्याने माझ्यासमोर बाबांना सांगावं की त्याला काही नको, आणि सांगताना त्यांच्याकडे बघावं. मग आईचे अनारसे खावेत. तो म्हणतो, एवढ्याशा गोष्टीसाठी माफीपत्र? मी म्हटलं, पत्र नको, तोंडी चालेल. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. तो खाली हॉलमध्ये कूलरपुढे झोपतो. मी वर झोपते. खोली तापते, सासऱ्यांचं तेवढं खरं होतं. पंख्यावर भागतं.

सकाळी सासूबाई चहा ठेवताना मला म्हणाल्या, "आता कसं वाटतंय?" मी म्हणाले, गरम. त्यांना हसू आलं असावं, त्यांनी पाठ वळवली.

मी हेडसेट मागवला. तो माप घेऊन बनवतात. फोनने चेहऱ्याचा नकाशा काढून पाठवायचा, त्यावरून गालांना टेकणारी गादी घडवतात आणि भिंगं एका जागी पक्की बसवून देतात. नंतर ती हलवता येत नाहीत. हा मला आधीपासून माहीत होता. एकट्याच माणसाच्या कामाची वस्तू घरात कशी आणायची, म्हणून घेत नव्हते. तू विचारलं होतंस ना, कुठला घेऊ? हा नको घेऊस. हा ज्याचा असतो त्याचाच असतो. दुसऱ्याने घातला तर त्याला धूसर दिसतं. मी सत्तावन्न लिहून पाठवलं आहे.

याला अंगावर कॅमेरे नाहीत. भिंतीवर उंच, समोरासमोर दोन डबे लावावे लागतात, तू ज्यांना हसला होतास ते. एका भिंतीत नवी भोकं पाडावी लागतील. दुसऱ्या भिंतीत, एसी होता तिथे, चार आधीच आहेत. मी काल मोजून पाहिलं. उंची बरोबर आहे.

सुमेधा